बीदरच्या धावपट्टीवरून : वैमानिकाविना विमानाचा पूर्वेतिहास

बीदरचे पठार जांभ्या दगडाचे आहे. मांजरा आणि कारंजा या नद्यांच्या खोऱ्यांतून चढून वर आलेल्या वाटसरूच्या दृष्टीस प्रथम पडतात ते बहामनी सुलतानांच्या किल्ल्याचे बुरूज आणि महमूद गावानाच्या मदरशाचा एकाकी उरलेला मिनार. आणि कानी पडतो तो बहुधा विमानाचा आवाज. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण या तालुक्यांतील मराठी भाषक खेड्यांच्या किमान तीन पिढ्या या आवाजाखाली वाढल्या. औताच्या मागे चालणाऱ्या शेतकऱ्यालाही मान वर न करता विमान एक आहे की दोन हे सांगता यावे, इतका तो अंगवळणी पडला आहे. देशाच्या हवाईदलातील वैमानिकांची एक पिढी मागून एक पिढी ज्या आकाशात शिकून तयार झाली, ते हे आकाश होय.

या आकाशाचा इतिहास लिहिताना एक चमत्कारिक योगायोग समोर येतो. माणसाला विमान चालविण्यास शिकविणारे हे ठिकाण, आणि गेल्या पाव शतकात युद्धशास्त्राची दिशा मात्र विमानातून माणूस काढून घेण्याकडे वळली. हजारो किलोमीटर दूर बसून चालविले जाणारे, दिवसरात्र आकाशात तरंगत राहणारे वैमानिकरहित विमान हे आजच्या युद्धाचे प्रमुख साधन ठरू पाहत आहे. या विमानाचा आणि बीदरचा काय संबंध, असा प्रश्न वाचकांना पडेल. संबंध आहे, परंतु तो सरळ नाही. तो एका ऑस्ट्रेलियन साहसी माणसाच्या, कोल्हापूरकडील एका शास्त्रज्ञाच्या आणि हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणाच्या कथेतून वळणे घेत जातो.

तसे पाहिले तर, चालकाविना आकाशमार्गे येणाऱ्या अस्त्राने बीदरचे भवितव्य एकदा पूर्वीही ठरविले होते. १६५७ साली औरंगजेबाने किल्ल्याला वेढा घातला असता मोगलांनी सोडलेला एक बाण बुरुजामागील दारूच्या साठ्यावर पडला आणि त्या स्फोटात किल्लेदार सिद्दी मर्जान होरपळला, अशी नोंद इतिहासात आहे. हे बाण म्हणजे धनुष्याचे नव्हेत, तर दारू भरलेले अग्निबाण. नेम ना धड, भरवसा ना धड. पण एक ठिणगी योग्य जागी पडली आणि बरीदशाहीनंतर आदिलशाहीत गेलेला हा भक्कम किल्ला मोगलांच्या हाती पडला. दूरवरून मारा करणाऱ्याला स्वतः जोखीम घ्यावी लागत नाही, हे त्या बाणांचे मर्म होते. आजच्या यंत्राचेही मर्म तेच आहे.

हैदराबादच्या निजामांना विमानांचे आकर्षण फार लवकर निर्माण झाले. पहिल्या महायुद्धात १९१८ साली ब्रिटिश हवाईदलाच्या ११० क्रमांकाच्या तुकडीला डी. एच. ९ ए जातीची विमाने निजामाच्या देणगीतून मिळाली आणि त्या तुकडीच्या नावाला ‘हैदराबाद’ हा शब्द जोडला गेला. दुसऱ्या महायुद्धात १५२ आणि २५३ क्रमांकाच्या तुकड्याही हैदराबादचे नाव मिरवीत होत्या. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात जी निकराची लढाई झाली तीत या दोन्ही तुकड्यांनी भाग घेतला. मराठवाड्यातील, बीदरमधील आणि गुलबर्ग्यातील रयतेच्या साऱ्यातून गोळा झालेला पैसा केंटच्या आकाशात लढत होता, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. त्या रयतेला याची वार्ताही नसावी. याच महायुद्धाच्या काळात, १९४२ च्या सुमारास, बीदर येथे धावपट्टी तयार झाली. पठार सपाट, जमीन टणक, वस्ती विरळ आणि हवा वर्षातील बराच काळ निरभ्र. विमानतळाला लागणारे सारे गुण या भूमीत निसर्गतःच होते.

या धावपट्टीवर १९४८ साली जो माणूस आला त्याचे नाव सिडनी कॉटन. त्याच्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. कारण आपल्याकडे तो केवळ ‘निजामाला शस्त्रे पुरविणारा’ एवढ्याच ओळखीने ठाऊक आहे, आणि पाश्चात्त्य इतिहासकारांना त्याच्या जीवनातील हैदराबादचे प्रकरण हे एक रंगतदार शेपूट वाटते. वस्तुतः त्याच्या दोन्ही उद्योगांत एकच बुद्धी काम करीत होती.

कॉटन हा १८९४ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये जन्मला. पहिल्या महायुद्धात वैमानिक म्हणून काम करताना थंडीपासून बचाव करणारा एक पोशाख त्याने १९१७ मध्ये तयार केला आणि तो ‘सिडकॉट’ या नावाने पुढे अनेक वर्षे वैमानिकांच्या अंगावर राहिला. परंतु त्याची खरी कामगिरी १९३९ ची. दुसरे महायुद्ध सुरू होण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात व्यापारी म्हणून जर्मनीत ये-जा करताना त्याने आपल्या लॉकहीड विमानाच्या पोटात कॅमेरे दडविले होते. उंचावर भिंगावर दहिवर साचून छायाचित्रे धूसर होत. विमानातील उबदार हवा कॅमेऱ्याच्या झरोक्यावरून वाहती ठेवून त्याने ही अडचण दूर केली. युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश हवाईदलाने त्याला हेस्टन येथे एक लहानशी तुकडी उभारू दिली. तेथे त्याने जे केले ते त्या काळच्या सेनाधिकाऱ्यांना वेडेपणाचे वाटले. त्याने स्पिटफायर या लढाऊ विमानातील बंदुका काढून टाकल्या, पत्र्याचे सांधे भरून पृष्ठभाग गुळगुळीत केला, विमानाला आकाशात मिसळून जाईल असा फिकट रंग दिला आणि बंदुकांच्या जागी कॅमेरे बसविले. १८ नोव्हेंबर १९३९ रोजी असे पहिले नि:शस्त्र स्पिटफायर फ्रान्समधून उडाले आणि जर्मन सरहद्दीच्या आखेन भागावरून जाऊन आले.

तोपर्यंतची समजूत अशी होती की, टेहळणीचे विमान शत्रूच्या मुलखात शिरायचे तर त्याच्याजवळ शस्त्रे हवीत, सोबतीला संरक्षक विमाने हवीत. कॉटनने ही समजूत उलटी केली. एकटे जा, उंच जा, दिसू नका, लढू नका, फक्त पाहून या. आजच्या दूर पल्ल्याच्या टेहळणी विमानाचा सारा विचार या सूत्रात बीजरूपाने आहे. कॉटनला स्वतःला मात्र त्याचा फार लाभ झाला नाही. शिस्तीचे वावडे असलेला हा माणूस अधिकाऱ्यांना नकोसा झाला आणि जून १९४० मध्ये त्याची उचलबांगडी झाली. त्याची तुकडी वाढत गेली; तो बाजूला पडला.

आठ वर्षांनी हाच माणूस कराचीहून बीदरला येऊ लागला. भारत स्वतंत्र झाल्यानंतर निजामाने विलीनीकरण टाळले होते. संस्थानाभोवती आर्थिक नाकेबंदी होती आणि आत रझाकारांचा धुमाकूळ चालू होता. मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातील गोरटा गावी झालेल्या हत्याकांडाची आठवण या भागात अद्याप पुसलेली नाही. संस्थानाला समुद्र नव्हता. शस्त्रे येणार तर आकाशातूनच. कॉटनने लँकेस्ट्रियन ही विमाने मिळविली. लँकेस्टर या प्रसिद्ध बाँबफेकी विमानाचा हा प्रवासी अवतार होता. कराची ते बीदर हे अंतर सरळ रेषेत सुमारे तेराशे किलोमीटर. ही विमाने रात्रीच्या अंधारात भारताच्या मुलखावरून उडत येत आणि बीदर व वरंगळच्या धावपट्ट्यांवर माल उतरवून परत जात. रात्री विमान शोधून अडविण्याची पुरेशी साधने नवजात भारतीय हवाईदलापाशी नव्हती. एकटे जा, दिसू नका, लढू नका हीच ती युक्ती. फक्त कॅमेऱ्याच्या जागी पेट्या होत्या. पुढे या उद्योगाबद्दल कॉटनला ब्रिटिश न्यायालयाने दोनशे पौंड दंड केला. ज्या गावांत त्या पेट्यांतील मालाची दहशत होती त्या गावांच्या मानाने ही रक्कम फारच किरकोळ म्हटली पाहिजे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे पोलीस कारवाई सुरू झाली. मेजर जनरल चौधरी यांचे सैन्य सोलापूरहून नळदुर्ग, उमरगा, राजेश्वर, हुमनाबाद या मार्गाने पुढे सरकले. टेंपेस्ट विमाने त्याला वरून साहाय्य देत होती. १७ तारखेस भारतीय सैन्य बीदरमध्ये शिरले आणि त्याच दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली. पाच दिवसांत एक राज्य संपले. येथवरची कथा शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्यानंतरच्या आठवड्यांत काय घडले ते मात्र फारसे सांगितले जात नाही. सूडाच्या भरात अनेक निरपराध मुसलमानांची हत्या झाली. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचल्याचे नोंदविले. हा अहवाल पुढे कित्येक दशके बंद राहिला. आकाशातून रस्ते दिसतात, पूल दिसतात, सैन्याच्या हालचाली दिसतात. गावातल्या गल्लीत कोण कोणाला मारीत आहे आणि का, हे दिसत नाही. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

१९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली. बीदर जिल्ह्यातून उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि उरलेला बीदर गुलबर्ग्यासह म्हैसूर राज्यात आला. सीमेच्या वेदनेची कहाणी स्वतंत्र आहे. येथे इतकेच की, धावपट्टी या बाजूला राहिली. १९६३ मध्ये, चीनच्या आक्रमणानंतर हवाईदलाचा विस्तार होत असताना, बीदर येथे हवाईदलाचे केंद्र सुरू झाले आणि नवशिक्या वैमानिकांचे प्राथमिक शिक्षण येथे होऊ लागले. ते ज्या विमानावर शिकत त्याचे नाव एच. टी. २. पुढे ज्या जेट विमानाने बीदरचे आकाश दुमदुमविले त्याचे नाव किरण. ही दोन्ही विमाने एकाच मराठी माणसाच्या नेतृत्वाखाली आकाराला आली होती, ही गोष्ट या भागातील मराठी वाचकांना आवर्जून सांगण्यासारखी आहे.

डॉ. विष्णू माधव घाटगे यांचा जन्म १९०८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू येथे झाला. उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीतील ग्योटिंगेन येथे गेले आणि वायुगतिशास्त्राचे जनक मानले जाणारे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळविली. विमानाचा पंख हवेत कसा तरतो, त्याच्या पृष्ठभागालगतचा हवेचा पातळ थर कसा वागतो, हे गणिताने सांगणारा हा गुरू. आणि त्याचे हे ज्ञान बंगळूरला आणणारा हा शिष्य. १९४२ मध्ये, म्हणजे बीदरची धावपट्टी तयार होत होती त्याच सुमारास, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला तो घाटगे यांच्या हातून. हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी प्रथम ग्लायडरचा आराखडा केला. ५ ऑगस्ट १९५१ रोजी एच. टी. २ आकाशात झेपावले, तर ४ सप्टेंबर १९६४ रोजी किरण. पुष्पक आणि कृषक ही लहान विमानेही त्यांच्याच कारकिर्दीतील. घाटगे १९९१ मध्ये निवर्तले. त्यांचे नाव शालेय पाठ्यपुस्तकांत जितके यावयास हवे तितके आले नाही.

याउलट, गिरगाव चौपाटीवर १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी वैमानिकाविना विमान उडविले ही कथा मराठी घराघरांत ठाऊक असते. स्वाभिमानाला ती गोड लागते. परंतु त्या उड्डाणाचा भरवशाचा समकालीन पुरावा हाती नाही आणि ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार अशा कथांना दिला जातो, त्यातील विमाने उडूच शकणार नाहीत, असा निर्वाळा भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये दिला. तळपद्यांच्या धडपडीचा अनादर करण्याचे कारण नाही. पण ज्याची विमाने हजारो वैमानिकांनी प्रत्यक्ष चालविली त्या घाटग्यांना विसरून आपण चौपाटीच्या आख्यायिकेत रमावे, हे ग्रंथप्रेमी समाजाला शोभणारे नाही.

वैमानिकरहित विमानाचा निश्चित इतिहास पहिल्या महायुद्धापासून सुरू होतो. १९१७ मध्ये इंग्लंडमध्ये आर्चिबाल्ड लो याने बिनतारी संदेशाने विमान चालविण्याचे प्रयोग केले. अमेरिकेत १९१८ मध्ये केटरिंग याने ठरावीक अंतरानंतर पंख गळून पडणारे उडते बाँब बनविले. पैकी कशाचाच युद्धात उपयोग झाला नाही. १९३५ साली ब्रिटिश नौदलाच्या तोफचींना नेमबाजीचा सराव मिळावा म्हणून टायगर मॉथच्या जातीचे एक रेडिओनियंत्रित विमान तयार झाले. त्याचे नाव ‘क्वीन बी’, म्हणजे राणीमाशी. या राणीमाशीवरूनच अमेरिकनांनी आपल्या अशा विमानांना ‘ड्रोन’, म्हणजे नरमाशी, म्हटले असे मानले जाते. आज जगाला धडकी भरविणाऱ्या शब्दाचा उगम असा तोफांच्या तोंडी देण्यासाठी बनविलेल्या एका लाकडी विमानात आहे.

दुसरा धागा कॉटनच्या टेहळणीचा. १ मे १९६० रोजी अमेरिकेचे यू-२ हे अतिउंचावरून छायाचित्रे घेणारे विमान सोव्हिएत रशियाने पाडले आणि त्याचा वैमानिक जिवंत सापडला. विमान गेल्याचे दु:ख अमेरिकेला फारसे नव्हते. पकडलेल्या माणसाने जी नाचक्की झाली ती मोठी होती. या घटनेनंतर, विमानात माणूसच नसेल तर काय, हा विचार बळावला आणि नेमबाजीचे लक्ष्य म्हणून वापरली जाणारी वैमानिकरहित विमाने व्हिएतनाम युद्धात कॅमेरे घेऊन हिंडू लागली. राणीमाशी आणि कॉटनचे स्पिटफायर यांचा संयोग येथे झाला. इस्राएलने १९८२ मध्ये लेबनॉनमधील बेका खोऱ्यात अशी लहान विमाने क्षेपणास्त्रांचे तळ हुडकण्यासाठी यशस्वीपणे वापरली. परंतु दिवसचे दिवस आकाशात राहू शकणारे यंत्र घडविले ते अब्राहम कारेम याने. बगदादमध्ये जन्मलेला, इस्राएलमध्ये वाढलेला हा अभियंता अमेरिकेत गेला आणि त्याने घराच्या मोटारखोलीत काम सुरू केले. त्याची कंपनी बुडाली, पण त्याच्या आराखड्यांतूनच प्रेडेटर हे विमान उद्भवले. त्याने १९९४ मध्ये पहिले उड्डाण केले आणि १९९५ मध्ये ते बोस्नियावर फिरू लागले.

हे विमान वेगवान नाही, ही गोष्ट अनेकांना आश्चर्याची वाटते. प्रेडेटरचे इंजिन सुमारे ११५ अश्वशक्तीचे, म्हणजे एखाद्या मोटारगाडीएवढे. वेग ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटर. त्याचे बळ पंखांत आहे. उन्हात शेतावर घिरट्या घालणारी घार ज्याने लक्षपूर्वक पाहिली आहे त्याला हे सहज समजेल. लांब आणि अरुंद पंखाला हवेत तरून राहण्यासाठी शक्ती कमी खर्चावी लागते. चिमणीला सतत पंख मारावे लागतात, घारीला नाही. प्रेडेटरच्या पंखांचा पसारा जवळजवळ पंधरा मीटर आणि वजन एक टनाच्या आसपास. माणूस, त्याचे आसन, प्राणवायूची नळकांडी, खिडक्या, हे सारे वगळल्यामुळे वाचलेल्या वजनात इंधन भरले की असे विमान चोवीस तास तरंगू शकते. माणसाला मात्र चोवीस तास टक लावून बसता येत नाही. म्हणून विमान आकाशात तेच राहते आणि जमिनीवरील माणसे पाळीपाळीने बदलतात.

मग त्याच्याशी बोलावयाचे कसे? रेडिओचा संदेश सरळ रेषेत जातो आणि पृथ्वी गोल आहे. बीदरवर पाच हजार मीटर उंचीवर विमान आहे असे समजा. तेवढ्या उंचीवरून क्षितिज सुमारे अडीचशे किलोमीटरवर असते. म्हणजे कलबुर्गी, नांदेड, सोलापूर, हैदराबाद येथून त्या विमानाशी थेट संधान बांधता येईल; पुण्याहून येणार नाही, कारण मध्ये पृथ्वीचा फुगवटा आड येतो. ही मर्यादा उपग्रहाने ओलांडली. छत्तीस हजार किलोमीटरवरील उपग्रहाला संदेश द्यावयाचा, त्याने तो विमानाला पोहोचवावयाचा. विमानाचा पल्ला त्यामुळे जवळजवळ अमर्याद झाला. नेवाडाच्या वाळवंटात बसलेला माणूस अफगाणिस्तानावरचे विमान चालवू लागला. किंमत मोजावी लागली ती वेळेची. प्रकाशाच्या वेगानेही उपग्रहापर्यंतच्या या फेऱ्यांना अर्धा सेकंद लागतो. यंत्रांनी संदेश उलगडण्याचा वेळ धरला तर चालक जे पाहतो ते एक-दोन सेकंदांपूर्वीचे असते. आकाशात एवढा विलंब चालतो. धावपट्टीला चाके टेकताना तो घातक ठरतो. म्हणून उड्डाण आणि उतरणे ही दोन कामे विमानतळाजवळच असलेली दुसरी तुकडी करीत असे, आणि मधला प्रवास दूरचा चालक करी. नव्या विमानांत ही कामेही यंत्रच करू लागले आहे. एप्रिल २००१ मध्ये ग्लोबल हॉक हे मोठे टेहळणी विमान अमेरिकेतून निघून कोठेही न थांबता, वैमानिकाविना, ऑस्ट्रेलियात जाऊन उतरले. कॉटनच्या मायभूमीत.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. फेब्रुवारीत प्रेडेटरवरून क्षेपणास्त्र सोडण्याची चाचणी झाली आणि ऑक्टोबरमध्ये अफगाणिस्तानात ते प्रत्यक्ष वापरले गेले. ‘पाहा, पण लढू नका’ हे सूत्र मोडले. पाहणारा डोळा आणि मारणारा हात एक झाला. यातून काय होऊ शकते हे २१ फेब्रुवारी २०१० रोजी अफगाणिस्तानातील उरुझगान प्रांतात दिसले. तीन वाहनांतून जाणाऱ्या प्रवाशांवर प्रेडेटरच्या चालकांनी कित्येक तास नजर ठेवली, त्यांना बंडखोर ठरविले आणि त्या माहितीवर हेलिकॉप्टरांनी हल्ला केला. २३ नागरिक ठार झाले. त्यांत स्त्रिया आणि मुलेही होती. अमेरिकी लष्कराच्याच चौकशीत प्रेडेटरच्या पथकावर ठपका आला. कॅमेरा उत्तम होता, चित्र स्वच्छ होते, वेळ भरपूर होता. चुकले ते चित्र वाचण्यात. १९४८ च्या शरद ऋतूत आकाशातून जे दिसले नाही असे वर म्हटले, त्याचीच ही दुसरी बाजू.

भारताने या क्षेत्रात पाऊल टाकले ते प्रथम नेमबाजीच्या लक्ष्यापासूनच. बंगळूरच्या वैमानिकी विकास संस्थेने ‘लक्ष्य’ आणि त्यानंतर फेकयंत्रातून उडणारे व हवाईछत्रीने उतरणारे ‘निशांत’ तयार केले. दूर पल्ल्यासाठी इस्राएलची सर्चर आणि हेरॉन विमाने विकत घेतली गेली. स्वदेशी प्रयत्नाला ‘रुस्तुम’ हे नाव दिले ते राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेतील प्रा. रुस्तुम दमानिया यांच्या स्मरणार्थ. नोव्हेंबर २००९ मधील रुस्तुम-१ चे पहिले उड्डाण अपघातात संपले. पुढील वर्षी ते यशस्वी झाले. रुस्तुम-२, ज्याला पुढे ‘तापस’ म्हटले गेले, ते १६ नोव्हेंबर २०१६ रोजी चित्रदुर्ग जिल्ह्यातील चळ्ळकेरे येथून उडाले. कर्नाटकाच्या कोरडवाहू पठारावर पुन्हा एकदा सपाट जमीन आणि निरभ्र हवा शोधली गेली होती. १७ सप्टेंबर २०१९ रोजी, म्हणजे हैदराबाद मुक्तिदिनीच, हे विमान जोडीचिक्केनहळ्ळीजवळच्या शेतात कोसळले. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच जिल्ह्यात हिरियूर तालुक्यात आणखी एक. दोन्ही वेळा शेतकरी भोवती जमले, आणि दोन्ही वेळा त्या अवशेषांत माणूस नव्हता. तीस हजार फूट उंची आणि चोवीस तास उड्डाण या सेनादलांच्या अपेक्षा तापस पूर्ण करू शकले नाही आणि २०२४ च्या आरंभी त्याचा अग्रक्रम काढून घेण्यात आला. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला अमेरिकेकडून एम. क्यू. ९ बी जातीची ३१ विमाने घेण्याचा करार झाला: १५ नौदलासाठी, भूदल व हवाईदलासाठी प्रत्येकी ८. घाटग्यांच्या पिढीने शिकाऊ विमान परदेशातून न आणता घरी घडविले होते, ही आठवण येथे बोचल्यावाचून राहत नाही. अपयशी प्रयोगालाही धीर धरून पोसावे लागते, एच. टी. २ ला तो धीर लाभला होता.

बीदरच्या लोकांना मात्र अवशेषांत माणूस असण्याचा अर्थ ठाऊक आहे. १९९६ मध्ये येथे सूर्यकिरण हे हवाई कसरतींचे पथक स्थापन झाले. लाल-पांढऱ्या रंगाची नऊ किरण विमाने पंखाला पंख लावून जाताना पाहण्याचे भाग्य देशाला क्वचित, पण बीदरकरांना रोजच्या सरावातच लाभे. मार्च २००६ मध्ये बीदर येथे सराव करताना या पथकाचे दोन वैमानिक मृत्यू पावले. जानेवारी २००९ मध्ये बीदरजवळच आणखी एक. २००८ च्या फेब्रुवारीत येथे हॉक ही प्रगत जेट विमाने दाखल झाली आणि पुढे सूर्यकिरण पथकही याच विमानांवर पुन्हा उभे राहिले. वैमानिकरहित विमानाच्या बाजूने जे सर्वांत प्रामाणिक समर्थन करता येते ते या मृत्यूंतूनच निघते: आपला मुलगा विमानात नसावा, असे कोणत्या आईला वाटणार नाही? आणि त्याच्या विरोधात जे सर्वांत प्रामाणिक म्हणणे आहे तेही याच जागेवरून कळते. ज्याला स्वतःचा जीव पणाला लावावा लागतो तो खालच्या जिवाविषयी निदान एकदा थांबून विचार करील, अशी आशा धरता येते. अर्थात ती आशाच. टेंपेस्टच्या आणि लँकेस्टरच्या वैमानिकांनीही शहरांवर बाँब टाकले होते.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात दोन्ही बाजूंनी वैमानिकरहित विमाने मोठ्या संख्येने वापरली गेली. ८ मेच्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी तीनशे ते चारशे ड्रोन पाठविल्याचे भारत सरकारने सांगितले. त्यांतील बहुतेक लहान आणि जवळच्या पल्ल्याची होती. एवढे झाले तरी वैमानिकांचे शिक्षण थांबलेले नाही. बीदरच्या पठारावर हॉक विमाने रोज सकाळी उडतात. याच धावपट्टीच्या कडेला ७ फेब्रुवारी २०२० पासून नागरी प्रवाशांसाठी लहानसे टर्मिनलही सुरू झाले आणि ज्या आकाशाकडे बीदरकर आयुष्यभर केवळ खालून पाहत आले त्यात त्यांना स्वतः बसून जाता येऊ लागले. कलबुर्गीचा विमानतळ त्याआधी थोडे दिवस, २२ नोव्हेंबर २०१९ रोजी, सुरू झाला होता.

ऑक्टोबर २०२२ मध्ये हवाईदलाने अधिकाऱ्यांची एक नवी शाखा जाहीर केली. शस्त्रप्रणाली शाखा असे तिचे नाव. दूरनियंत्रित विमाने चालविणारे अधिकारी आता याच शाखेत मोडतात; त्यांना वैमानिकाचा गणवेश आहे, विमान आहे, विमानात जागा मात्र नाही. त्यांच्यासाठी १ जुलै २०२४ रोजी स्वतंत्र विद्यालय सुरू झाले, ते हैदराबादला, बेगमपेठच्या विमानतळावर. निजामाच्या राजवटीत विमानविद्येची पहिली पावले याच बेगमपेठेत पडली होती. बीदरहून ते ठिकाण रस्त्याने सुमारे एकशे चाळीस किलोमीटरवर आहे. जहिराबादमार्गे जाणारा हा रस्ता तोच, ज्याने सप्टेंबर १९४८ मध्ये सोलापूरहून निघालेले सैन्य गेले होते.